पंडिता रमाबाई आणि शेवटच्या दिवसांचा अर्थ

(द्वितीय वर्ष, कला)

पंडिता रमाबाईंचे नाव आपण शाळेच्या इतिहासात शारदा सदनाच्या संदर्भात वाचतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला एवढे वाक्य आले की बोलणारे बहुधा थांबतात. परंतु त्यांचे चरित्र वाचताना मला एक प्रश्न सारखा जाणवला. भविष्याबद्दल जे ग्रंथांत सांगून ठेवले आहे ते माणसाने कसे वाचावे? हात जोडून वाट पाहावी, की उठून कामाला लागावे? रमाबाईंचे आयुष्य हेच या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा जवळचे द्रव्य दानधर्मात व अनुष्ठानांत संपून गेले होते. ग्रंथांत सांगितलेले फळ मिळेल, देव प्रसन्न होईल, या आशेने सारे जण उपास आणि जप करीत राहिले. फळ मिळाले नाही. अखेर जलसमाधी घ्यावी इथवर वडिलांचे मन आले. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास याने मोलमजुरी करून सर्वांना पोसण्याची तयारी दाखवली. शास्त्र्याच्या घरात हा विचार फार उशिरा आला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली.

उरलेली भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. पदरी मनोरमा ही लहान मुलगी. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेचा प्रवास करून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. ते पुढच्याच वर्षी पुण्याला हलले.

यानंतरचा काळ म्हणजे १८९६-९७ चा दुष्काळ, प्लेग आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, संवत १९५६ चा म्हणून छप्पन्नचा म्हटला गेलेला दुष्काळ. खानदेशानेही तो सोसला. अशा वेळी जगबुडी आली, कलियुग संपत आले, असे आपल्याकडे म्हणतात. ख्रिस्ती लोकही अशा वेळी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय उघडतात. युद्धे, दुष्काळ, भूकंप अशी चिन्हे तेथे सांगितली आहेत. त्यांवरून अंत किती जवळ आला याचे हिशेब मांडले जातात.

या अध्यायाचा आणखी एक अर्थ लावणारे ख्रिस्ती अभ्यासक आहेत. त्यांना प्रीटेरिस्ट म्हणतात. आपण पूर्तवादी म्हणू. त्यांचे म्हणणे असे की, येशूने हे आपल्या पिढीला उद्देशून सांगितले होते आणि सुमारे चाळीस वर्षांनी ते घडूनही गेले. इ. स. ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने यरुशलेम जिंकले आणि तेथील मंदिर जाळले. ते चिन्ह, तो अंत. येशूचे पुनरागमन मात्र अजून व्हायचे आहे असे त्यांच्यापैकीही बहुतेक जण मानतात. पण आजच्या प्रत्येक दुष्काळावर अंताचा शिक्का मारण्याचे त्यांना कारण उरत नाही. दुष्काळ हा दुष्काळ असतो आणि त्यात माणसे उपाशी असतात.

रमाबाईंना पूर्तवादी म्हणता येणार नाही. परंतु दुष्काळात त्या जे वागल्या ते मला या विचाराच्या जवळचे वाटते. लहानपणी पाहिलेली उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेहून अधिक बायका-मुलींना घेऊन आल्या. जबलपूरकडून दक्षिणेला येणारा जुना लोहमार्ग भुसावळ-जळगाववरून येतो. त्या मुली आपल्याच स्टेशनावरून पुढे गेल्या असतील. केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेतूनही मुली आल्या.

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी माझ्याएवढी होती. कलियुग संपले असे तेव्हा आमच्या धुळे तालुक्यातल्या गावात सगळेच म्हणत, असे ती सांगते. पण म्हणणारे सगळे सकाळी खडी फोडायला जात. तिथली मजुरी आणि सुकडी यांवर घर जगले. त्या घरातली मी कॉलेजात आलेली पहिली मुलगी.

जून १९०५ मध्ये मुक्ती सदनात मोठी धार्मिक जागृती झाली. मुली रात्र रात्र प्रार्थना करू लागल्या, गावोगाव बोलायला जाऊ लागल्या. योएल संदेष्ट्याने सांगून ठेवले होते की देवाचा आत्मा मुलांवर तसाच मुलींवर, दासांवर तसाच दासींवर उतरेल. शेवटचे दिवस आले म्हणून हे घडते आहे, असा अर्थ काहींनी लावला. पूर्तवादी येथे पेत्राकडे बोट दाखवतील. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला त्याने हे वचन त्याच दिवशी पूर्ण झाल्याचे जाहीर केले होते. मला हा अर्थ अधिक मोलाचा वाटतो. वचन तेव्हाच पूर्ण झाले असेल, तर मुलींना बोलण्याचा हक्क जगाच्या अंतापर्यंत थांबून मिळायचा नाही. तो एकोणीसशे वर्षांपूर्वीच मिळालेला होता. केडगावच्या बालविधवांनी तो फक्त वापरला.

रमाबाईंचे अखेरचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषा साध्या बाईला कळेल अशी असावी, हा त्यांचा आग्रह. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतल्या मुलींनी केली. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, तरी काम थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

ज्या घरात शास्त्र वाचून फळाची वाट पाहिली गेली, त्याच घरातल्या मुलीने शास्त्र इतरांना वाचता यावे म्हणून आयुष्य वेचले. अंत कधी, याचा हिशेब मांडण्यापेक्षा हे काम मोठे आहे असे मी मानते.