मुलगा शोगुनचा गुरू, पण गादी मिळाली नातवाला!

जपानी तलवारबाज याग्यू मुनेयोशी मोठे नावाजलेले होते. १५६३ मध्ये त्यांची गाठ पडली शिंकागे-र्यू या तलवार-घराण्याचे संस्थापक कामिइझुमी नोबुत्सुना यांच्याशी. मुनेयोशी हरले आणि त्यांचेच शिष्य झाले. दोनच वर्षांत गुरूंनी त्यांना विद्या पुढे देण्याचा अधिकार दिला.

१५९४ मध्ये त्यांनी रिकाम्या हातांनी समोरच्याची तलवार काढून घेण्याची कला तोकुगावा इएयासू यांना दाखवली. इएयासूंनी त्यांना चाकरीत बोलावलं. मुनेयोशींनी वयाचं कारण देत मुलगा मुनेनोरीला पुढे केलं. तो पुढे शोगुनांचा तलवार-गुरू झाला.

मग गादीचा वारसही तोच?

नाही. थोरला मुलगा लढाईत जखमी होऊन अधू झाला होता. ओवारी शाखेच्या परंपरेनुसार मुनेयोशींनी गादी दिली त्याच्या मुलाला, म्हणजे नातू तोशियोशीला. १६०६ मध्ये मुनेयोशी वारले.

तोशियोशी १६१५ मध्ये ओवारीच्या तोकुगावांकडे रुजू झाला. त्याने गादी आधी मुलाला नाही, तर आपल्या शिष्याला, म्हणजे ओवारीच्या अधिपतीला दिली. त्यानंतर ती पुन्हा याग्यूंकडे आली.

दरबारी मान मुनेनोरीच्या एदो शाखेला मिळाला. पण गुरूकडून शिष्याकडे आजही चालत आलेली विद्या आहे ती नातवाच्या ओवारी शाखेची.