सत्यापुढे नमलेली माउली : लक्ष्मीबाई टिळक



आपण पंचवटीची माणसे. सकाळच्या मिस्सेला निघालो की रामकुंडाच्या बाजूने ओल्या वस्त्रांनी परतणारी मंडळी आपल्याला दिसतात. सोवळे-ओवळे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजी-पणजीने त्याची झळ सोसली आहे. काहींच्या घराण्यांनी एके काळी ते पाळलेही आहे. म्हणूनच आज ज्या बाईंची ओळख करून द्यायची आहे, त्यांची गोष्ट आपल्याला दूरची वाटणार नाही. याच गोदावरीच्या काठी, आपल्या वरच्या अंगाला गंगापूरजवळ जलालपूर नावाचे गाव आहे. तिथे १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. लक्ष्मीबाई आपल्या कॅथलिक चर्चच्या नव्हत्या. त्या आणि त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे दोघेही अमेरिकन मराठी मिशनमधले. तेव्हा आपल्या पत्रिकेत त्यांचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश काढला. ख्रिस्ताचे जे देणे आपल्या विभक्त बांधवांच्या जीवनात दिसते ते आनंदाने ओळखावे, असे त्यात शिकवले आहे. नाशिककरांनी ते ओळखायचे ठरवले, तर पहिले नाव लक्ष्मीबाईंचेच घ्यावे लागेल.

मनूचे बालपण विलक्षण होते. सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत घराण्यातील एका ज्येष्ठाला फाशी झाली. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की सारे घर त्याखाली दबून गेले. बाजारातून आलेला प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यायचा, त्यातून मीठसुद्धा सुटत नसे. आज वाचताना हसू येते. लक्ष्मीबाईंनी ते लिहिले आहे तेही हसवीतच. पण त्या घरातल्या बायकामुलांची काय दशा होत असेल याचा विचार केला म्हणजे हसू ओठांवरच थांबते. भीतीचा उगम कुठेतरी असतो आणि तिचे ओझे भलत्याच कोणाच्या डोक्यावर पडते. आपल्या घरांतही अशा रीती असतात, ज्या का पाळायच्या हे कोणालाच ठाऊक नसते, पण मोडल्या तर घर डोक्यावर घेतले जाते.

१८८० साली, वयाच्या अकरा-बाराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक अठरा वर्षांचे होते. बुद्धी तल्लख, कवित्व उपजत, स्वभाव तापट, हात उदार आणि पाय एका ठिकाणी न टिकणारे. हाती आलेला पैसा घरी पोहोचेलच असे नाही. आज या गावी नोकरी तर उद्या दुसऱ्या. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख नव्हती. ती त्यांना टिळकांनीच करून दिली, आणि ही एक गोष्ट त्या पतीच्या साऱ्या चुका भरून काढणारी ठरली, असे मला वाटते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईच्या हातून पुढे मराठीतले एक अमर पुस्तक लिहिले जाणार होते.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. काव्यावरून गोष्टी निघाल्या, त्या धर्मापर्यंत पोहोचल्या. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळक विद्वान ब्राह्मण होते, वादात हार न जाणारे. त्यांनी ते पुस्तक वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडले. पुढे जाववेना. मनातील शंकांची उत्तरे त्यांना तिथे मिळू लागली. दोन वर्षे हे मंथन चालले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण ज्याला स्नानसंस्कार म्हणतो, तोच.

टिळकांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण या निर्णयाची बातमी जिच्या कानावर जाऊन आदळली, त्या सव्वीस वर्षांच्या बाईकडे जरा पाहा. पदरी चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या दृष्टीने गेल्यातच जमा. आकांत झाला. नातेवाइकांनी त्यांना पंढरपुरास नेले. पुढली चार-पाच वर्षे पतीपत्नी वेगळी राहिली. एका शब्दानेही विश्वासात न घेता नवऱ्याने संसाराची घडी मोडली, ही लक्ष्मीबाईंची तक्रार अगदी खरी होती. नातेवाईक, शेजारी, देवळातले, घाटावरले, सगळे त्यांच्याच बाजूचे होते. सगळे जग तुमचे बरोबर आहे असे सांगत असताना स्वतःला तपासून पाहणे फार कठीण असते. चूक ठरलेला माणूस निदान विचार तरी करतो. बरोबर ठरलेल्याला त्याची गरजच वाटत नाही.

लक्ष्मीबाईंना ती गरज वाटली. ती एका दिवसात वाटली नाही, आणि कोणी दटावले म्हणूनही नाही. पतीचे प्रेम आणि मुलाचे भवितव्य यांच्या ओढीने त्या अखेर टिळकांकडे नगरला गेल्या. टिळक तेव्हा तिथल्या मिशनमध्ये काम करीत होते. डॉक्टर ह्यूम हे तिथले प्रमुख मिशनरी. नगरला लक्ष्मीबाईंनी आपला धर्म सोडला नाही. चूल वेगळी, पाणी वेगळे. ख्रिस्ती नवरा आणि कडक सोवळ्यातली बायको, असा तो संसार होता. येथे टिळकांचेही श्रेय मानले पाहिजे. एवढा तापट माणूस, पण श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. ज्या प्रश्नाशी झगडायला आपल्याला दोन वर्षे लागली, त्याला तिलाही वेळ लागणार, हे त्यांना समजले असावे.

एकदा लक्ष्मीबाईंवर परजातीच्या हातचे पाणी पिण्याचा प्रसंग आला. पाणी प्यायल्या, पण जीव कासावीस झाला, रडू कोसळले. आपल्याला वाटेल, पाण्याचा एक घोट, त्यात काय एवढे! पण जलालपूरच्या त्या घरात मीठ धुऊन खाल्लेल्या मुलीच्या घशातून तो घोट उतरायचा होता. मन बदलण्याविषयी आपण सहज बोलतो. शरीराला ती सवय मोडायला किती यातना होतात, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगून ठेवले आहे. त्यात कुठेही मी किती पुढारलेली, असा सूर नाही.

मग एके दिवशी त्या एकट्याच विचार करू लागल्या. या जाती कोणी केल्या? देवाने केल्या असत्या, तर त्याने माणसांच्या देहावर काही खूण ठेवली असती. पशुपक्ष्यांत वेगवेगळ्या जाती आहेत, त्या पाहताच ओळखू येतात. माणसांत तशी खूण कुठे दिसते? स्त्री आणि पुरुष, एवढाच काय तो भेद. म्हणजे बाकीचे सारे माणसांनी रचलेले. ना कोणी मिशनरी समोर होता, ना टिळक समजावीत होते, ना कुठला ग्रंथ उघडा होता. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईने साध्या व्यवहारी बुद्धीने केलेला हा विचार होता. तो पटला, आणि मग त्यांनी तो तसाच बाजूला ठेवला नाही. यापुढे आपण कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ, असे त्यांनी टिळकांना सांगून टाकले.

आता तुम्हाला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला दहावा अध्याय आठवत असेल. याफो शहरात भर दुपारी, भूक लागलेली असताना, पेत्राला दृष्टान्त झाला. आकाशातून चादर उतरते, तिच्यात शुद्ध-अशुद्ध सगळे प्राणी, आणि त्याला खाण्याची आज्ञा होते. पेत्र नाही म्हणतो. एकदा नव्हे, तीन वेळा हे घडते. प्रत्यक्ष प्रभूबरोबर वावरलेला, मंडळीचा आधारशिला असलेला पेत्र! त्याचे म्हणणे नियमशास्त्राला धरूनच होते. पण कर्नेल्य या रोमी शताधिपतीची माणसे दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तो त्यांच्याबरोबर निघाला, परक्याच्या घरात शिरला आणि आपल्याला जे नव्याने कळले ते त्याने सर्वांसमोर कबूल केले. यरुशलेमला परतल्यावर स्वकीयांनी त्याला जाबही विचारला. पेत्राचा तो प्रसंग आपण पुनरुत्थानकाळात दरवर्षी ऐकतो. लक्ष्मीबाईंचे चरित्र वाचल्यापासून मला तो निराळा ऐकू येतो. त्या चादरीत मला मिठाची पुडीही दिसते.

१९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या आयुष्याविषयी थोडक्यात सांगतो. घरात अनाथ, निराधार मुले येत राहिली आणि त्यांच्या ताटात वाढली. कोण कुठल्या जातीचे, हे पाहणारी ती जुनी मनू आता उरली नव्हती. मात्र भांडण उरले होते! टिळक आणि लक्ष्मीबाई आयुष्यभर भांडले आणि आयुष्यभर एकमेकांवर जीव टाकीत राहिले. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्याला देवाचा दरबार उभारला. तिथे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

टिळकांच्या मागे एक काम अर्धवट राहिले. ख्रिस्ताचे संपूर्ण जीवन ओव्यांत गाण्यासाठी त्यांनी १९०९ साली ख्रिस्तायनाला आरंभ केला होता. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. ते काम लक्ष्मीबाईंनी उचलले आणि साठाहून अधिक अध्यायांची भर घालून पुरे केले. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्यानंतर तीनशे वर्षांनी नाशिकच्या एका लेकीने मराठी ओवीत प्रभूचे चरित्र गायिले, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामातल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नसेल तर आपण घरी सांगायला हवी. हा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर.

पण त्यांचे नाव राहिले आहे ते स्मृतिचित्रे या आत्मचरित्रामुळे. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला आणि सारा महाराष्ट्र चकित झाला. इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली. शांता गोखले यांनी केलेले २०१७ साली आले. या पुस्तकाचे मोठेपण कशात, यावर जाणकारांनी बरेच लिहिले आहे. मला, एका साध्या वाचकाला, त्यात एकच गोष्ट वारंवार जाणवते. लक्ष्मीबाई स्वतःचा बचाव करीत नाहीत. आपली फजिती, आपला हट्ट, आपले अज्ञान, आपले चुकीचे अंदाज, सारे त्या ताटात वाढल्यासारखे आपल्यापुढे मांडतात. नवऱ्याने सोडल्याचे दुःख सांगतात, पण त्याला खलनायक करीत नाहीत. धर्म बदलला म्हणून जुन्या घराला, जुन्या माणसांना नावे ठेवीत नाहीत. सोवळ्याने छळलेल्या वडिलांवरही त्यांच्या लेखणीत कडवटपणा नाही. आपल्याकडे साक्ष देताना पूर्वीचे आयुष्य जितके काळे रंगवावे तितकी साक्ष मोठी, अशी काहींची समजूत असते. लक्ष्मीबाईंनी ते केले नाही. जे जसे होते तसे सांगितले.

त्या वेळचे नाशिक डोळ्यांसमोर आणा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षे चालला. दाराबाहेर माणसे उभी होती, आत शास्त्रार्थ चालू होते, आणि दोन्ही बाजूंना आपण बरोबर असल्याची खात्री होती. त्याच दशकात, याच जिल्ह्याच्या मातीतली एक साठी उलटलेली बाई आपल्या आठवणी प्रसिद्ध करीत होती. वडील मीठ कसे धुऊन घ्यायला लावीत, परजातीच्या हातचे पाणी पिऊन आपण कशा रडलो आणि मग ते सगळे आपल्यापासून कसे गळून पडले, हे त्यात होते. सत्याग्रहाविषयी तिने भाषण केले की नाही हे शोधायची मला गरज वाटत नाही. ज्याला वाचता येत होते त्याच्यासाठी ती पाने पुरेशी होती.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. तारीख बहुधा प्रायश्चित्तकाळाच्या आसपास येते. आपल्याकडे त्या दिवसांत घरोघरी काही ना काही वर्ज्य असते, कोणी मांस सोडते, कोणी चहा. यंदा कोणाला जमले तर स्मृतिचित्रे मिळवून वाचावे. पुस्तक जाड आहे, पण भाषा आपल्या आजीची आहे. वडिलांच्या सोवळ्याची हकिगत आरंभीच येते. ती मोठ्याने वाचली तर लहान मुलेही येऊन बसतील.