आरमाराला लाकूड हवं, पण आंबा-फणस तोडायचे नाहीत!

शिवरायांनी आंबा-फणस तोडायला बंदी केली होती, असे मेसेज सोशल मीडियावर नेहमी फिरतात. तो मजकूर आहे आज्ञापत्रातला आणि त्याचे कर्ते मानले जातात रामचंद्रपंत अमात्य.

१६७४ च्या राज्याभिषेकावेळी पंत अष्टप्रधानांत होते. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले, तेव्हा मोगलांशी झुंजत इथला कारभार पंतांनीच सांभाळला. हुकूमतपनाह हा किताब त्यांचाच. पुढे कोल्हापूरच्या गादीच्या काळात, १७१५ च्या सुमारास, हा सगळा अनुभव आज्ञापत्रात उतरला.

झाडं येतात ती आरमाराच्या प्रकरणात. जहाजांना लागणारं सागवान परवानगी घेऊनच जंगलातून तोडायचं, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणायचं. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. जबरदस्तीने तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. अगदी जीर्ण झाड हवं असेल, तरी आधी मालकाला राजी करायचं, पैसे द्यायचे आणि मगच कुऱ्हाड लावायची.

जहाजाची घाई आजची असते, झाड मात्र पिढीभराचं. राखणाऱ्याचंच नुकसान झालं, तर पुढचं झाड लावणार कोण?