शिसं वितळवून अक्षरं घडवणारा मुंबईकर: शंकर आबाजी भिसे आणि 'युटेक्टिक'ची गोष्ट

पनवेलच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोर उभं राहिलात, तर कारागीर सोल्डरचा एक बारीक थेंब टेकवून सर्किट जोडताना दिसतो. नव्या फोनमधलं सोल्डर बहुतेक कथलाचंच असतं, त्यात साधारण ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं. आता गंमत बघा. कथील वितळतं २३२ अंश सेल्सिअसला, चांदी ९६२ ला आणि तांबं १०८५ ला. म्हणजे जास्त तापमानाला वितळणारे दोन धातू मिसळले, तर मिश्रणाचा वितळणबिंदू वाढायला हवा ना? पण तो उलट उतरतो, २१७ अंशांच्या आसपास येतो!

ह्या उलट्या हिशेबाला म्हणतात युटेक्टिक. आणि ज्या धंद्यात हा हिशेब रोज वापरला जायचा, त्या धंद्यात एका मराठी माणसानं लंडनच्या कारखानदारांना टक्कर दिली होती. त्यांचं नाव शंकर आबाजी भिसे.

आधी 'युटेक्टिक' म्हणजे काय?

उन्हाळ्यात पॉटचं आइस्क्रीम केलं असेल, तर तुम्ही हे पाहिलेलंच आहे. बर्फात खडेमीठ टाकलं की बर्फ वितळायला लागतो, पण गारवा शून्याच्याही खाली जातो. मिठाचं प्रमाण २३ टक्क्यांच्या जवळ असेल, तर ते मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकतं.

कारण सोपं आहे. घन पदार्थात कण शिस्तीत रांगा लावून बसतात. दुसऱ्या पदार्थाचे कण मध्ये घुसले की त्या रांगा लागणं अवघड होतं, म्हणून मिश्रण गोठायला आणखी थंड व्हावं लागतं. एका ठरावीक प्रमाणाला हा वितळणबिंदू सगळ्यात खाली येतो. तोच युटेक्टिक बिंदू. 'सहज वितळणारं' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव १८८४ साली इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेडरिक गथ्री यांनी दिलं.

ह्या मिश्रणाचा आणखी एक गुण आहे. इतर मिश्रणं गोठताना मधेच चिखलासारखी होतात, अर्धी घट्ट, अर्धी पातळ. युटेक्टिक मात्र शुद्ध पदार्थासारखं एकाच तापमानाला झटकन घट्ट होतं.

मुंबईचा मुलगा

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईचा. चौदाव्या वर्षी त्यांनी घरातच कोळशापासून गॅस तयार करण्याचं छोटं यंत्र बनवलं. पुढे मुंबईत विज्ञानाची आवड असलेल्यांचा क्लब काढला आणि 'विविध कलाप्रकाश' नावाचं मराठी मासिकही चालवलं. म्हणजे तंत्रज्ञान मराठीत समजावून सांगायचा उद्योग तेव्हाही चालू होता!

१८९० च्या दशकाच्या अखेरीस एका ब्रिटिश नियतकालिकानं स्पर्धा ठेवली. किराणा मालाचं वजन आपोआप करून देणारं यंत्र सुचवायचं होतं. भिसे यांनी ती जिंकली. ह्या यशाच्या जोरावर ते लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि नुसत्या आशीर्वादावर न थांबता त्यांनी पैसाही घातला. परदेशी राज्यात भारतीय डोकं काय करू शकतं, हे दाखवायची ती संधी होती.

खिळ्यांची शर्यत

त्या काळी छपाई म्हणजे खिळे. प्रत्येक अक्षराचा धातूचा एक खिळा, आणि ते ओळीत लावणारा जुळारी. इंग्रजीचं काम थोड्या अक्षरांत भागतं. देवनागरीला काना, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागायचे. अमेरिकेत लायनोटाइप आणि मोनोटाइप ही यंत्रं निघाली होती, ती वितळलेल्या धातूतून थेट अक्षरं ओतायची. पण वेगाला मर्यादा होती. मोनोटाइप मिनिटाला साधारण दीडशे खिळे पाडायचं.

अडचण होती उष्णतेची. धातू साच्यात गेला, की तो घट्ट होईपर्यंत थांबावंच लागतं. इथे आपलं युटेक्टिक कामाला येतं. शिसं वितळतं ३२७ अंशांना, अँटिमनी ६३१ ला. पण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असं मिश्रण २४० अंशांच्या आसपासच वितळतं. लायनोटाइपसाठी ह्याच प्रमाणाच्या जवळपासचा धातू वापरला जायचा. अँटिमनीमुळे अक्षर कडक होतं आणि थंड होताना कमी आक्रसतं, कथलामुळे धातू साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो. आणि चिखलाची अवस्था जवळजवळ नसल्यानं अक्षर झटकन तयार! प्रमाण फार बिघडलं तर हा फायदा जातो. ज्या खिळ्यांना जास्त टिकायचं असतं, त्यांच्यात मात्र अँटिमनी आणि कथील मुद्दाम वाढवत. तिथे थोडा वेळ गेला तरी चालायचा.

ह्या स्पर्धेत भिसे यांनी 'भिसोटाइप' आणलं. लंडनच्या कॅस्लन ह्या जुन्या खिळे ओतणाऱ्या कंपनीला असं यंत्र होणं शक्यच वाटत नव्हतं. भिसे यांनी ते आव्हान घेतलं आणि यंत्र उभं केलं. मिनिटाला १२०० खिळे ओतून जुळवण्याचा वेग त्याच्या नावावर सांगितला जातो.

यंत्र चाललं, पैसा थांबला

पण प्रयोगाचं यंत्र वेगळं आणि कारखाना वेगळा. मोठं भांडवल हवं होतं. ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी गुंतवणूकदार मिळवायचा प्रयत्न केला, तो फसला. १९०७ मध्ये वयोवृद्ध दादाभाई मायदेशी परतले. १९०८ च्या अखेरीस भिसे यांनीही गाशा गुंडाळून मुंबईचं जहाज पकडलं.

मग गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे त्यांचं काम जमशेटजींचे चिरंजीव रतन टाटा यांच्यापर्यंत पोचलं. १९१० मध्ये लंडनमध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट उभी राहिली. तीही फार टिकली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात भिसे न्यूयॉर्कला गेले, तिथे खिळे ओतणाऱ्या यंत्रासाठी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. शिवाय आयोडीनवर आधारित 'अ‍ॅटोमिडीन' नावाचं औषधही बनवलं. लोक त्यांना भारताचा एडिसन म्हणत. ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं.

आज कुठल्याही पुस्तकावर त्यांच्या यंत्राची खूण सापडत नाही. आधी फोटोटाइपसेटिंग आलं, मग कॉम्प्युटर, आणि शिशाचे खिळे भंगारात गेले. भिसे यांचं डोकं कमी पडलं नव्हतं. कमी पडलं ते वेळेवर मिळणारं भांडवल. स्टार्टअप करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

युटेक्टिक मात्र जिवंत आहे

२००३ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी दोन साधी चूर्णं एकत्र केली. एक कोलिन क्लोराइड, वितळणबिंदू ३०२ अंश. दुसरं आपल्या शेतात पडणारा युरिया, १३३ अंश. एकास दोन प्रमाणात मिसळल्यावर जे तयार झालं, ते १२ अंशांनाच वितळतं. म्हणजे पनवेलच्या हवेत ते बारा महिने द्रवच राहील! अशा द्रावकांना 'डीप युटेक्टिक' म्हणतात. ते धातूंचे ऑक्साइड विरघळवू शकतात, म्हणून जुन्या फोनच्या बॅटरीतला कोबाल्ट परत मिळवण्यासाठी त्यांच्यावर संशोधन चालू आहे.

प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंतचा रस्ता ह्या द्रावकांनाही चुकलेला नाही. भिसे यांचं यंत्र नेमकं त्याच रस्त्यावर अडलं होतं.