नाली उपसणारे गाडगेबाबा, आणि आज ते काम कोणाचं?

शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एखाद्या गावात सकाळीच एक माणूस यायचा. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातात खराटा. गावात शिरला की थेट झाडायला आणि तुंबलेल्या नाल्या उपसायला लागायचा. लोकांना वाटायचं, कोणी वेडा आला. संध्याकाळी त्याच गावात त्याच माणसाचं कीर्तन रंगायचं. हे होते गाडगेबाबा.

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परीट समाजाचं. वडील दारूपायी लवकर गेले, मग आई सखूबाई डेबूला घेऊन अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाच्या शेतात राबताना सावकारी कर्ज घर कसं बुडवतं हेही त्याने पाहिलं. १ फेब्रुवारी १९०५ ला त्याने घर सोडलं.

त्या काळी नाली काढणं हे ठराविक जातींचं काम मानलं जायचं. घाण सगळ्यांची, पण हात लावायचा तो मोजक्यांनी. बाबांनी घाव घातला तो इथेच. ते स्वतः आधी घाणीत उतरायचे. मग लाजेने का होईना, गावकरीही घमेलं-फावडं घेऊन यायचे. रात्रीच्या कीर्तनात बाबा लोकांनाच प्रश्न विचारत स्वच्छता, शिक्षण, दारू, अस्पृश्यता असे विषय काढायचे.

लोकांनी दिलेल्या पैशातून ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट झाला, पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा झाल्या. स्वतःसाठी मात्र त्यांनी झोपडीही बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीला जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचं निधन झालं.

दोनच वर्षांत, म्हणजे १९५८ मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा आला. गावातल्या नाल्या बांधणं आणि साफ ठेवणं ही कामं त्यात ग्रामपंचायतीकडे आली. २००० साली राज्याने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं.

अमरावती, अकोल्यासारख्या महापालिकांच्या शहरात नियम साधारण असा आहे: घरातली नाली मालकाने नीट ठेवायची, रस्त्यावरचं गटार पालिकेने. घराची नाली पालिकेच्या गटाराला जोडायची तर परवानगी लागते. गटार नसेल तिथे शौचालयाचं पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडायचं. गावात न्हाणीघर आणि मोरीचं पाणी शोषखड्ड्यात जिरवता येतं. पण वऱ्हाडातली काळी माती पाणी हळू पिते, म्हणून खड्डा पुरेसा मोठा हवा आणि त्यात दगड-गोटे नीट भरायला हवेत.

सेप्टिक टँक भरला तर? २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही टँक किंवा गटारात उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आतल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. अशा मृत्यूसाठी ३० लाखांची भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

त्यामुळे टँक उपसायचा असेल तर मैला ओढणारी गाडी बोलवा. चार पैसे वाचवायला कोणाला आत उतरवू नका. आपली घाण दुसऱ्याच्या जिवावर टाकायची नाही, हे शिकवण्यात बाबांची पन्नास वर्षं गेली.