प्रायव्हसीचा मुद्दा मोबाईलमुळे आलेला नाही, या वकिलाने १८९० मध्येच धोका ओळखला होता

आपण नेटवर काय बघतो यावर कोणीतरी डोळा ठेवतंय आणि त्यातून पैसे कमावतंय, हा प्रश्न आजचा वाटतो. पण इंटरनेटच्या कितीतरी आधी एका अमेरिकन वकिलाने त्याच्या मुळावर बोट ठेवलं होतं. त्यांचं नाव लुई ब्रँडाईस.

ब्रँडाईस यांचा जन्म १८५६ चा, केंटकीतल्या लुईव्हिलचा. हार्वर्डमधून कायदा शिकल्यावर त्यांनी वर्गमित्र सॅम्युअल वॉरन यांच्यासोबत बोस्टनमध्ये वकिली सुरू केली.

तेव्हा पेपर स्वस्त झाले होते, कारण कमाई जाहिरातींतून व्हायची. जाहिराती हव्यात तर खप हवा, आणि खपासाठी लोकांच्या घरातल्या चटपटीत बातम्या. त्यात १८८८ मध्ये कोडॅकचा हातात धरून फोटो काढायचा कॅमेरा आला.

१८९० मध्ये या दोघांनी हार्वर्ड लॉ रिव्ह्यूत प्रायव्हसीच्या हक्कावर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. खोटं छापलं तर बदनामीचा कायदा आहे. पण खरी, खाजगी गोष्ट चव्हाट्यावर आणली तर? माणसाला त्यापासूनही संरक्षण हवं.

१९१६ मध्ये ब्रँडाईस सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. तिथले ते पहिले ज्यू न्यायाधीश. बड्या कंपन्यांशी त्यांनी पंगा घेतलेला, त्यामुळे नेमणुकीला जोरदार विरोध झाला.

१९२८ मध्ये दारूच्या तस्करीची एक केस आली. सरकारी अधिकाऱ्यांनी आरोपीच्या घरात पाऊल न टाकता बाहेरूनच फोन टॅप केले होते. कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते चालवून घेतलं. ब्रँडाईस विरोधात होते. त्यांनी बजावलं की उद्या सरकारकडे याहून भारी साधनं येतील, कपाट न उघडताही आतले कागद वाचता येतील.

१९४१ मध्ये ते वारले. त्यांचं म्हणणं कोर्टाला पटलं १९६७ मध्ये, जेव्हा हा जुना निकाल बाजूला सारला गेला.

भारताशीही त्यांचं नातं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्या निकालात १८९० च्या लेखाची दखल आहे. पुढे २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदाही आला. त्यामुळे एखादं ॲप लोकेशन किंवा कॉन्टॅक्ट मागतं, तेव्हा ते कशासाठी हवंय हे विचारणं हा तुमचा हक्क आहे.