थोरांची ओळख : वाकलेल्या बोटांचं कारण शोधणारा सर्जन – गियोम डुप्युट्रेन



आज एका फ्रेंच सर्जनची ओळख करून घेऊ या. नाव जरा जीभ वळवणारं आहे, गियोम डुप्युट्रेन. मूळ फ्रेंच उच्चार थोडा वेगळा आहे, पण आपल्याकडचे डॉक्टर साधारण असंच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते.

हे नाव मला कसं कळलं ते आधी सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा ज्या मुख्याध्यापक सरांनी मला फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकवलं, त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका हळूहळू तळहाताकडे वाकत गेली. खडू नीट धरता येईना. नमस्कार करताना दोन्ही हात जुळेनात. गावात कुजबुज सुरू झाली की सरांना महारोग झालाय. सर शनिवारी मुलांना खाऊ वाटायचे, तो काही मुलं घेईनाशी झाली. घरून तसं सांगितलेलं असणार. सर कुणाला काही बोलले नाहीत, फक्त उजवा हात खिशात ठेवायला लागले. (कुष्ठरोग असता तरी काय? तो औषधांनी पूर्ण बरा होतो. पण ते कुणाला सांगणार!) पुढे शहरातल्या डॉक्टरांनी तळहातावरून अंगठा फिरवून पाहिला आणि सांगितलं, हा कुष्ठरोग नाही, डुप्युट्रेनचा आजार आहे. तेव्हापासून या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले.

त्याचा जन्म ५ ऑक्टोबर १७७७ चा, फ्रान्समधल्या लिमोज शहराजवळच्या प्येर-ब्युफिएर या लहान गावातला. वडील वकील, पण घरात पैसा बेताचाच. लहानपणी तो इतका गोड दिसायचा की एका श्रीमंत बाईने त्याला पळवून नेलं होतं, अशी एक गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे. पण बाराव्या वर्षाच्या आसपास एका लष्करी अधिकाऱ्याच्या मदतीने तो पॅरिसला शिकायला गेला, आणि तेवढ्यात १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली. पॅरिसमध्ये त्याने फार गरिबीत दिवस काढले. दिव्याला तेल नसायचं म्हणून तो शवविच्छेदनाच्या खोलीतली चरबी जाळून अभ्यास करायचा, अशी आख्यायिका आहे. ऐकायला नकोसं वाटतं, पण या मुलाला शिकायची केवढी भूक होती ते त्यातून कळतं.

१७९५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, स्पर्धा परीक्षा देऊन तो वैद्यकीय शाळेत शवविच्छेदन करून दाखवणारा मदतनीस झाला. १८०२ मध्ये पॅरिसच्या ऑतेल-द्यू या जुन्या आणि प्रसिद्ध रुग्णालयात सर्जन म्हणून लागला. १८१२ मध्ये प्राध्यापक आणि १८१५ मध्ये तिथला मुख्य सर्जन. राजाचा पुतण्या बेरीचा ड्यूक याच्यावर १८२० मध्ये सुरीहल्ला झाला तेव्हा उपचारांसाठी यालाच बोलावलं. ड्यूक वाचला नाही, पण याचं नाव आणखी मोठं झालं. बॅरन ही पदवी मिळाली, पुढे राजाचा पहिला सर्जन झाला.

आता खरं सांगते, माणूस म्हणून मला तो आवडत नाही. सहकाऱ्यांशी वागायला थंड, बोलायला तिखट, कुणी बरोबरीला आलेलं न खपणारा. आपल्या आधीच्या मुख्य सर्जनला बाजूला सारण्यात त्याने बरंच राजकारण केलं. असा मुख्याध्यापक आपल्या वाट्याला येऊ नये! पण हाच माणूस रोज सकाळी लवकर रुग्णालयात हजर असायचा, वॉर्डात फेरी, मग विद्यार्थ्यांसमोर व्याख्यान, मग शस्त्रक्रिया, आणि नंतर गरीब रुग्णांना फुकट तपासणं. वर्षानुवर्षं हा नेम. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती हे लक्षात घ्या. रुग्ण पूर्ण शुद्धीत असायचा.

आता त्या वाकलेल्या बोटांकडे येऊ. हा आजार त्याच्या आधीही माहीत होता. गंमत म्हणजे ज्या वर्षी डुप्युट्रेन जन्मला त्याच १७७७ मध्ये लंडनच्या हेन्री क्लाइन या सर्जनने असे हात उघडून पाहिले होते. पण बहुतेकांचा समज असा की बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, आखडल्यात. वरून पाहिलं तर तसंच वाटतं, तळहातावर ताणलेली दोरी दिसते ना! डुप्युट्रेनला असा आजार असलेल्या एका वृद्धाचा हात मृत्यूनंतर तपासायला मिळाला. त्याने कातडी सोडवली आणि बोटं ओढून पाहिली. कंडरा ठीकठाक होत्या. आखडला होता तो कातडीखालचा, तळहातभर पसरलेला चिवट पापुद्रा. तो कापल्याबरोबर बोटं जवळजवळ सरळ झाली.

मग जून १८३१ मध्ये एक दारूचा व्यापारी आला. बऱ्याच वर्षांपूर्वी पिंप उचलताना हाताला इजा झाली आणि पुढे बोटं वाकत गेली, असं त्याचं म्हणणं. आधीच्या एका सल्ल्याप्रमाणे त्याच्या कंडराच कापल्या गेल्या असत्या! डुप्युट्रेनने फक्त पापुद्रा छेदला, जखम शिवली नाही, हात सरळ राहील अशा पट्टीला बांधून ठेवला. काही आठवड्यांत जखम भरली. त्याच वर्षी ५ डिसेंबरला त्याने एका घोडागाडी हाकणाऱ्याच्या हातावर हीच शस्त्रक्रिया करून विद्यार्थ्यांसमोर सगळं समजावून सांगितलं, आणि त्याचं नाव या आजाराला कायमचं चिकटलं. एक गोष्ट मात्र त्याची पूर्ण बरोबर नव्हती. हातात अवजार किंवा चाबूक घट्ट धरण्यामुळे हे होतं असं त्याला वाटायचं. आज कळतं की आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. उत्तर युरोपातल्या लोकांत हा आजार जास्त, आपल्याकडे कमी, पण मधुमेह असणाऱ्यांत दिसतो. आमच्या सरांनाही मधुमेह होता.

पापुद्रा आखडतो हे कळल्यामुळेच पुढे दुसरा प्रश्न विचारता आला, तो आखडण्याआधीच थांबवता येईल का? १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि पुढच्या काळात डॉक्टरांनी ते यासाठीही वापरून पाहिले. सुरुवातीला तळहातावर फक्त छोटीशी गाठ किंवा खळगी असते, बोट अजून सरळ असतं. त्या वेळी पापुद्र्यातल्या काही पेशी भराभर वाढून चिवट तंतू तयार करत असतात. कमी मात्रेचं रेडिएशन त्या पेशींची वाढ रोखतं. ठरलेली पद्धत साधारण अशी : पाच दिवस रोज काही मिनिटं, मग सहा ते बारा आठवडे सुट्टी, मग पुन्हा पाच दिवस. एकूण ३० ग्रे. दुखत नाही. नंतर कातडी कोरडी पडू शकते. खूप वर्षांनी त्या जागी कॅन्सर होण्याचा धोका अगदी थोडा, पण तो असतो, म्हणून तरुण माणसाला देताना डॉक्टर जास्त विचार करतात. जर्मनीत हा उपचार बराच रुळलाय, पण सगळ्या देशांतल्या डॉक्टरांचं यावर एकमत नाही. आणि बोट एकदा वाकलं की रेडिएशनने ते सरळ होत नाही. मग सुई किंवा शस्त्रक्रिया.

सरांच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. शस्त्रक्रिया झाली. अनामिका छान उघडली, करंगळी अर्धवट.

तुमच्या घरी आजी-आजोबांना तळहातावर न दुखणारी गाठ असेल तर त्यांना हात बाकावर पालथा, सपाट ठेवायला सांगा. टेकला नाही तर हाताच्या डॉक्टरांना दाखवा. टेकला पण गाठ असेल, तरीही दाखवा. कुष्ठरोगात नस बिघडून बोटं वाकतात आणि हाताला बधिरपणा येतो; इथे स्पर्श कळतो आणि तळहातात दोरी लागते. हा फरक मी आता पालकसभेत सांगते.

डुप्युट्रेनला १८३३ मध्ये व्याख्यान देताना पक्षाघाताचा झटका आला. विश्रांतीसाठी इटलीला जाऊन तो परत कामावर रुजू झाला. पुढे छातीत पाणी साठलं. सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया सुचवली, आयुष्यभर दुसऱ्यांवर सुरी चालवलेल्या या माणसाने ती स्वतःवर करू दिली नाही. ८ फेब्रुवारी १८३५ रोजी पॅरिसमध्ये तो वारला, वय ५७. मृत्युपत्रात त्याने रोगग्रस्त अवयवांचा अभ्यास शिकवणाऱ्या प्राध्यापकपदासाठी दोन लाख फ्रँक ठेवले होते. त्याच वर्षी त्याच्या नावाने असे अवयव जतन करणारं संग्रहालय पॅरिसमध्ये सुरू झालं.